नांगरावरचा हिवाळा : नवशिक्यांसाठी शास्त्रोक्त मार्गदर्शन

प्रथम स्थळमाहात्म्य. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल, तिथे फॅल नदीचं मुख, आणि मुखाशी फालमथ बंदर. उन्हाळ्यात इथे शिडांची जत्रा भरते. ऑक्टोबर लागला की शहाणी माणसं होड्या यारीने उचलून काठावर ठेवतात, वर ताडपत्री बांधतात आणि घरी जातात. आपल्या कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर होड्या ओढून शाकारतात, ते काही हौस म्हणून नाही. ज्यांना घरभाडं परवडत नाही, किंवा परवडतं पण डोक्यात काहीतरी शिरलेलं असतं, ते मात्र नांगर टाकून पाण्यातच राहतात. हे मार्गदर्शन त्यांच्यासाठी. प्रस्तुत लेखकाने सव्वीस फुटी होडीत असे दोन हिवाळे काढले आहेत. त्याला तज्ज्ञ समजायला हरकत नाही, कारण तिसरा काढलेला नाही.

वास्तुशास्त्राचा प्रश्न पहिल्याच दिवशी निकालात निघतो. नांगरावरची होडी वाऱ्याकडे तोंड करते, वारा पडला की प्रवाहाकडे. त्यामुळे न्याहारीला पूर्वाभिमुख असलेलं घर जेवणापर्यंत पश्चिमाभिमुख होतं, आणि संडास अधूनमधून ईशान्येला जाऊन येतो. दादरहून मावशी व्हिडिओ कॉलवर विचारते, "दार कुठल्या दिशेला आहे रे?" त्यावर "आत्ता?" एवढंच विचारावं. घर फिरलं की वासेही फिरतात, ही म्हण ज्याने रचली त्याचा नांगर बहुधा चांगला धरलेला होता.

साखळी किती सोडायची, हा नियम पाठ करायला सोपा : पाण्याच्या खोलीच्या निदान चौपट, वारा वाढणार असेल तर आणखी. नवशिका ओहोटीला येतो, मापकावर ३ मीटर बघतो, १५ मीटर साखळी सोडतो आणि चहा टाकतो. पाचपट सोडल्याचं समाधान चहा निवेपर्यंत टिकतं. फालमथला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक साडेचार मीटरच्या वर जातो. सहा तासांनी तेच पाणी साडेसात मीटर होतं, पाचपटीची दुप्पट उरते, आणि होडी कुणाला न सांगता शेजाऱ्यांकडे निघते. तेव्हा हिशेब भरतीच्या पाण्याचा करावा आणि त्यात नाळेची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची मिळवावी. काठावरच्या दोन खुणा, समजा एक धक्का आणि मागचं झाड, एका रेषेत धरून ठेवाव्यात. मोबाइलवर नांगराचा गजरही लावता येतो. तो रात्री तीन वाजता, प्रवाह फिरल्यावर होडी घरंगळत वळली की वाजतो. आपण बंडीवर बाहेर येतो, धक्का आणि झाड जिथल्या तिथे असतात. असं आठ रात्री होतं. नवव्या रात्री माणूस गजर बंद करून झोपतो. माझ्या नवव्या रात्रीविषयी शेजारच्या होडीवाल्याकडे चौकशी करू नये.

साखळी तळाच्या खडीवर घासते. बिछान्यात ऐकलं तर उशाशी कोणीतरी पाट्यावर रात्रभर ओलं खोबरं वाटतंय असं वाटतं. साखळीला दोराचा एक लांब तुकडा अडकवून ताण त्याच्यावर घ्यावा, म्हणजे हिसके कमी बसतात. खोबरं चालूच राहतं.

हवामानासाठी बीबीसी रेडिओवरचं जहाजांचं बातमीपत्र ऐकावं. आपला विभाग 'प्लिमथ'. वादळ 'इमिनंट' म्हणजे सहा तासांच्या आत. 'सून' म्हणजे सहा ते बारा तासांत. मावशी कॉलवर कान लावून बसली असेल तर या शब्दाचा खुलासा आधी करून ठेवावा.

परंतु वादळं मोजकी येतात. रोज येते ती ओल, आणि ती आपणच तयार करतो. माणूस श्वास सोडतो, त्यात पाणी. किटली उकळते, त्यात पाणी. शेगडीचा गॅस जळतो, त्यातही पाणी : एक किलो प्रोपेन जाळला की दीड लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत येतं. मराठी नवशिका त्यावर कुकर लावतो. तीन शिट्ट्यांत वरणभात होतो आणि होडीच्या भिंतींना घाम फुटतो. पहाटे डोक्यावरच्या छतातल्या बोल्टकडे बघावं. त्याच्या टोकावर एक थेंब जमतो, फुगतो, जरा लांबतो, लोंबकळत विचार करतो, आणि नेमका दोन भुवयांच्या मध्ये पडतो. अभिषेकपात्राखालच्या पिंडीला काय वाटत असेल, ते त्या क्षणी कळतं. महिन्याभराने गादी उलटून पाहावी. खालच्या बाजूला काळ्या बुरशीचा नकाशा असतो, माझ्या गादीवर तर कोकण किनारा जवळजवळ बरोबर आला होता. गादीखाली पट्ट्यांची जाळी घालावी, हवा खेळू द्यावी. थंडी वाजते म्हणून छतातली हवेची भोकं बोळे कोंबून बंद करू नयेत. ही एक सूचना गंमत म्हणून वाचायची नाही : बंद होडीत शेगडी किंवा हीटर जळत असेल तर कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो, आणि त्याला वास येत नाही. त्याचा गजर घ्यावा, आणि हा गजर नवव्या रात्रीही चालू ठेवावा.

डिसेंबरात सूर्य सव्वाचार-साडेचारला मावळतो. सौर पॅनेल या काळात शोभेचं. दुकानातून परतताना अंधार असतो, पाऊस आडवा असतो, आणि काठ ते घर हा रस्ता डिंगीतून वल्हवायचा असतो. लॉन्ड्रीतले कपडे कोरडे निघतात आणि ओले पोचतात. लाइफ जॅकेट या चार मिनिटांच्या प्रवासातच घालावं. हिवाळा सरताना इथलं पाणी नऊ-दहा अंशांवर येतं; त्यात पडलेला माणूस गारठण्याच्या कितीतरी आधी, दचकून घेतलेल्या पहिल्या श्वासालाच पाणी पितो.

फार हाल झाल्यासारखं वाटलं तर जवळच्या मायलर गावाला जाऊन यावं. १८२१ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं, सागवानी 'एचएमएस गँजेस' हे ८४ तोफांचं जहाज १८६६ पासून १८९९ पर्यंत याच पाण्यात उभं होतं. नौदलात भरती झालेली पोरं त्यावर राहून शिकायची, हिवाळ्यातही. तिथल्या चर्चच्या आवारात त्यांच्यातल्या दगावलेल्यांचं स्मारक आहे. ओल्या गादीची तक्रार त्यानंतर आठवडाभर सुचत नाही. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८ मध्ये एकटे, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले ते फालमथहूनच, आणि त्यांची ३२ फुटी 'सुहेली'ही मुंबईतच बांधलेली. ३१२ दिवसांनी परत आले. पण त्यांना एक सवलत होती, ते निघून जाऊ शकले.

आपल्याला ३१ मार्चपर्यंत थांबायचं असतं. त्या दिवशी इथला कालवांचा हंगाम संपतो. ऑक्टोबरपासून शिडाच्या आणि वल्ह्यांच्या होड्याच कालवं खरवडत असतात, इंजिन लावून खरवडायला इथे बंदी आहे. हिवाळाभर सकाळी हात वर करणारे तेवढेच शेजारी. मग एप्रिलात उन्हाळी मंडळी येतात. नवी कोरी होडी बाजूला थांबते, १५ मीटर साखळी खडखडत खाली जाते, आणि पांढऱ्या टोपीतला एक सद्‌गृहस्थ चहाचा मग हातात घेऊन विचारतो, "आख्खा हिवाळा इथेच? आत कोरडं राहतं?"

"एकदम," असं म्हणावं. उत्तर देताना गादीला टेकू नये.