हँडल

कंबर धरली की माणूस गादी बदलतो, उशी बदलतो, शेवटी डॉक्टरही बदलतो. सायकलचं हँडल बदलावं हे मात्र त्याला सुचत नाही. सगळा राग सीटवर. तिच्यावर जेलचं कव्हर चढतं, त्यावर स्पंजचं. सीटचं दुखणं बोलकं असतं, बसताक्षणी कळतं. हँडलचं दुखणं चोरपावलांनी येतं. थोडं लांब गेलं की करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतात. तळहाताच्या करंगळीकडच्या कडेने जी नस जाते, तिच्यावर आपण धडाचा भार टाकून निवांत निघालेले असतो.

पूर्वी हा प्रश्न नव्हता, कारण निवडच नव्हती. काळी सायकल, सळ्यांचे ब्रेक आणि दोन्ही टोकं चालवणाऱ्याकडे वळलेलं हँडल. या घाटाला इंग्लंडात ‘नॉर्थ रोड’ म्हणतात. आपल्याकडे त्याला हँडलच म्हणत, कारण दुसरं असतं हे कुणाला ठाऊक होतं! मुठी शरीराजवळ येतात, मनगट सरळ राहतं, पाठ ताठ. अख्खं पुणं सायकलवर होतं तेव्हा ते असं ताठ बसून हिंडत होतं. ताठ बसलेल्याला दिसतंही भरपूर: कुणाच्या गच्चीत पापड घातलेत, कुणाच्या दारात पाहुण्यांच्या चपला आहेत. पेठेतल्या बातम्या वर्तमानपत्राआधी पोचायच्या, त्यात या हँडलचा वाटा मोठा होता.

मग रेसर आली, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल घेऊन. तिची टिंगल करणं सोपं आहे, पण लांबच्या पल्ल्याला ती शहाणी ठरते. वरची आडवी दांडी, ब्रेकच्या मुठी, खालचा वाक अशा तीन जागी हात ठेवता येतात. एक जागा कुरकुरू लागली की दुसरी. शिवाय वाकलेल्या माणसाला वारा कमी अडवतो. 1989 च्या टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशी ग्रेग लेमाँड हा लाराँ फिन्याँच्या 50 सेकंद मागे होता. व्हर्साय ते पॅरिस, 24.5 किलोमीटर, एकेकट्याने घड्याळाशी झुंज. लेमाँडनं कोपरं टेकवून पुढे झेपावता येईल असं हँडल लावलं आणि अख्खी शर्यत 8 सेकंदांनी जिंकली. फिन्याँची उघड्या डोक्यावरची पोनीटेल नडली असंही लोक म्हणतात. हरलेल्याच्या केसांवर बोलायला लोक मोकळेच असतात. गंमत म्हणजे 1817 मध्ये जर्मनीतल्या कार्ल ड्राइसनं पॅडल नसलेली पहिली दुचाकी बनवली, तिच्यावरही हात टेकवायला फळी होती. सुरुवात आरामापासूनच झाली होती. धावायचं वेड नंतरचं.

हल्ली सरळ, आडव्या हँडलची चलती आहे. डोंगरातल्या सायकलींवर ते पाऊण मीटरच्याही पुढे गेलंय. दगडधोंड्यांवर तेवढी लांबी खरंच सावरून घेते. लक्ष्मी रस्त्यावर मात्र दोन रिक्षांच्या मधून काढताना आधी आरसा कुणाचा जाणार, हे ठरवून घ्यावं लागतं. ही हँडलं कापून घेता येतात. साधारण खांद्याएवढी रुंदी उरली की शहरापुरतं भागतं, फक्त ब्रेक आणि गिअरला जागा ठेवून कापा.

आणि मुळात नवीन घ्यायची घाईही नको. जुन्या सायकलचा वरचा बोल्ट थोडा सैल करून त्यावर लाकूड ठेवून हातोडीचा ठोका दिला, की हँडल वर ओढता येतं. दांडीवर एक खूण कोरलेली असते, ती दिसेल इतकं मात्र ओढू नये. दोन बोटं उंची वाढली तरी मान आभार मानते. उनाड पोरं म्हणतात, “काका, टांगा हाकताय का?” म्हणू देत.

माझं मत ठाम आहे: चाळिशीनंतर वळणदार, उंच हँडल. त्यावर घंटी राहते, आरसा राहतो, दोन्हीकडे भाजीच्या पिशव्या लटकतात. वजन तेवढं सारखं हवं. डावीकडे भोपळा आणि उजवीकडे कोथिंबीर असली की सायकल डावीकडे ओढते, आणि डावीकडे नेमकी चहाची टपरी असते.