जांभळ्या पेन्सिलीचे शेरे

कादंबरी कशी निवडावी, याविषयी विद्वानांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. परंतु परीक्षणकर्त्याने ‘जीवनाचे विदारक दर्शन’ असा दाखला दिला, की पहिल्या शंभर पानांत एकही खून, पलायन किंवा गेला बाजार एखादी चुकलेली आगगाडीसुद्धा हाती लागत नाही, असा अनुभव वारंवार आल्यामुळे मी ती सारी परीक्षणे दप्तरदाखल केली असून, नव्या पुस्तकांच्या शोधाचे काम आमच्या वाचनालयाच्या एका अज्ञात सभासदावर सोपवले आहे.

हे गृहस्थ जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीने समासात शेरे मारतात. टोक जिभेवर ओले करून लिहिण्याची त्यांची पद्धत असावी, कारण संतापाच्या जागी अक्षर विशेष गडद उमटलेले असते. हळब्यांच्या १८६१ सालच्या ‘मुक्तामाले’ची नवी आवृत्ती त्यांनी ‘उत्तम. सज्जनांस सुख, दुर्जनांस शासन. मुलींच्या हाती देण्याजोगे’ अशी गौरवली आहे. १९३९ सालच्या ‘रणांगणा’वर मात्र त्यांची खप्पामर्जी. युद्धाच्या छायेतला युरोप मागे टाकून निघालेल्या त्या बोटीवर चक्रधर आणि हॅर्टा एकमेकांशी बोलू लागली, की समासात ‘पुढे?’, आणि ज्या पानावर माझा कंठ दाटून आला, नेमक्या त्याच पानावर ‘मुंबई केव्हा येणार?’ अशी लेखी विचारणा! ती कादंबरी मी एका बैठकीत संपवली, आणि तेव्हापासून सद्गृहस्थांनी निषेध नोंदवलेले पुस्तक निःशंक घरी न्यावे व प्रशस्तिपत्र दिलेले सन्मानपूर्वक फळीवर ठेवावे, असा शिरस्ता पडला. इतका बिनचूक मार्गदर्शक कोणत्याही मासिकाने मला पुरवलेला नाही.

आता बाबुराव अर्नाळकर. त्यांच्या हजारावर रहस्यकथांपैकी जेवढ्या आमच्या कपाटात आहेत, त्यांत जांभळे अक्षर औषधालासुद्धा नाही. एवढा सात्त्विक मनुष्य झुंजार किंवा काळापहाड यांच्या वाऱ्यालाही उभा राहणार नाही, असा ग्रंथपालांचा फैसला. मी मात्र एक प्रत उजेडात धरून पाहिली. समास कोरे होते खरे. पण पानांच्या खालच्या कोपऱ्यांवर, जिभेला लावून पाने उलटणाऱ्या बोटाचे जांभळे ठसे पहिल्या प्रकरणापासून शेवटच्या पानापर्यंत अखंड उमटले होते, आणि शेरा लिहिण्याची उसंत त्या बोटाला कोठेही मिळालेली दिसत नव्हती.

ग्रंथपालांना मी काही बोललो नाही. अर्नाळकरांची आणखी दोन पुस्तके तेवढी मागितली. तर ती बाहेर गेलेली होती.