साडेनऊ फुटांतले झुंबर

झुंबराला आधी छत लागते. जयाजीराव शिंद्यांचा ग्वाल्हेरचा जयविलास महाल १८७४ साली उभा राहिला. त्याच्या दरबारात प्रत्येकी सुमारे साडेतीन टनांची दोन झुंबरे टांगायची होती. छत पेलेल की नाही हे पाहायला त्यावर हत्ती चढवले, असे सांगतात. टू बीएचकेत ही सोय नसल्याने वायरमन पंख्याचा हूक दोनदा ओढून पाहतो आणि ‘चालेल’ म्हणतो.

फ्लॅटची उंची साधारण साडेनऊ फूट. त्यातला अर्धा फूट फॉल्स सीलिंग खाते. खालून माणसे जायची तर जमिनीपासून सात फूट मोकळे हवेत. उरल्या दोन फुटांत साखळी, दांडा, लोलक आणि घराण्याची प्रतिष्ठा बसवावी लागते. काही जण अंदाज न घेता तीनफुटी नग आणतात. अशा घरात उंच जावई निदान त्यानिमित्ताने तरी सासऱ्यांपुढे वाकतो.

दुसरा वाद पंख्याशी. दिवाणखान्याच्या मधोमध असलेला हूक एकच, आणि मे महिन्यात नागपूरकराला झुंबराने वारा घालता येत नाही. पंखा बाजूला सरकवून दिवा पात्यांच्या वर राहिला, तर रात्रभर भिंतीवर सावल्या लपलपतात. मग एसी येतो. विजेचे बिल आले की बचत म्हणून झुंबर बंद ठेवतात.

खरेदी बहुधा रविवारी, सहकुटुंब होते. शोरूममध्ये शेकडो दिवे एकदम लावलेले असल्याने त्यांतला एक किती उजेड पाडतो, हे कळायला मार्ग नसतो. ‘बाकीचे जरा बंद करा’ म्हणणारे गिऱ्हाईक दुर्मीळ. साडी दुकानाच्या दाराशी नेऊन दिवसाच्या उजेडात निरखणारे घर दिव्याच्या बाबतीत मात्र कॅटलॉगवर विसंबते. त्यात मुलामा आणि मूळ देश ठळक छापतात. ल्युमेनचा आकडा बारीक टायपात. वाण्याकडचा नऊ वॅटचा एलईडी बल्ब सुमारे नऊशे ल्युमेन देतो, हे तिथे बोलणे शिष्टाचाराला धरून नाही. तसाच दिसणारा दिवा मुंबईच्या लोहार चाळीत किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत घासाघीस करून मिळतो, पण तिथे कॉफी विचारत नाहीत.

रंगाचा निर्णय डिझायनर घेतो: २७०० ते ३००० केल्विन, म्हणजे पिवळा. त्यात सोफा खुलतो आणि आजोबांना पेपर दिसेनासा होतो. त्यांच्यासाठी कोपऱ्यात ६५०० केल्विनची पांढरी ट्यूब लागते. पुढे सगळे घर तिच्याखालीच जेवते. पाहुणे आले किंवा लक्ष्मीपूजन असले, की झुंबर लागते.

दिवाळीआधी शंभरेक लोलक काढून, धुऊन, पुसून परत अडकवायचे असतात. शेवटी दोन उरतात. ते शोकेसमध्ये ठेवतात. वॉरंटी बहुतेक वेळा आतल्या एलईडी ड्रायव्हरपुरती असते. काच, मुलामा आणि स्टुलावर चढलेल्या वायरमनची मजुरी तिच्यात धरत नाहीत.