सध्या माशा मारतोय

इल्कली, यॉर्कशायर
8 जून

ती. आई व नाना यांस,
धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र लिहायचं कारण असं, की गेल्या रविवारी नानांनी फोनवर विचारलं, "सुटीच्या दिवशी करतोस काय?" मी म्हणालो, "सध्या माशा मारतोय," आणि नेमका तिथंच फोन कटला. पुढं मी काय बोललो ते कुणी ऐकलं नाही. तासाभरात दादाचा मेसेज आला, "पैसे पाठवू का?" दुसऱ्या दिवशी वहिनीचा, "घर आपलंच आहे, केव्हाही या." आणि परवा भोकरदनच्या बाजारात मामांना कुणी तरी विचारलं म्हणे, की इंग्लंडातल्या भाच्याची नोकरी गेली का. तेव्हा लेखी खुलासा करतो. नोकरी शाबूत आहे. मी माशा मारत नाही, माशा बांधतो. त्यांनी मासे धरतो. आणि सोडून देतो.

आता यातलं प्रत्येक वाक्य आणखी गोंधळात टाकणारं आहे, म्हणून सविस्तर.

इथं ओढ्याला बेक म्हणतात. आमच्या गल्लीतून वीस मिनिटांवर एक बेक आहे. रुंदी म्हणाल तर बैलगाडी आडवी लावली तर दोन्ही काठांना टेकेल एवढी. पाणी कुठं घोट्याएवढं, कुठं मांडीएवढं. त्यात ट्राउट नावाचा मासा असतो. अंगावर लाल-काळे ठिपके, आणि स्वभावाने संशयी. तो पाण्यावर पडणारे किडे खातो. म्हणून गळाच्या आकड्यावर पीस आणि रेशीम गुंडाळून किडा तयार करायचा. त्यालाच इथं फ्लाय, म्हणजे माशी म्हणतात. 1496 साली छापलेल्या एका इंग्रजी पुस्तकात अशा 12 माशांच्या कृती दिल्यात. आपल्या घरातल्या 'रुचिरा'सारखंच, फक्त शेवटी खायला काही मिळत नाही.

नाना, टाकायची रीत सांगतो. आपल्याकडं गळाला खडा नाही तर शिशाचा तुकडा बांधायचा. खडा पुढं जातो, दोरा मागून जातो. इथं माशीला वजनच नसतं. मग दोरच जाड आणि जड केलेला असतो आणि काठीनं तो दोर हवेत खेळवत पुढं सोडायचा. ज्वारीत पाखरं हाकताना तुम्ही माळ्यावरून गोफण फिरवायचात, ती दगडाशिवाय फिरवल्यासारखं. काठी घड्याळातल्या दहाच्या काट्यापासून दोनच्या काट्यापर्यंतच हलवायची, असं शिकवतात. मी पहिल्या दिवशी दहा ते पाच हलवली. सरकारी सवय. पहिली माशी मागच्या झाडाला, दुसरीही त्याच झाडाला, तिसरी काटेरी झुडपाला आणि चौथी माझ्याच कोटाच्या पाठीला. ती काढायला कुणी नव्हतं, म्हणून तशीच पाठीवर घेऊन बसनं घरी आलो. तुमच्या सुनेनं दारातच विचारलं, "आज कोण कुणाच्या गळाला लागलं?"

पाठीमागं कुरणात गोऱ्हे असतात, तेही येऊन बघत उभे राहतात. यांना वेसण नाही, जू माहीत नाही, पोळा माहीत नाही. माणसाला कसं वागवायचं याचं वळणच नाही. मी "हाऽ हाऽ, सर मागं" केलं. एकानं माझ्या पिशवीतली पोळी खाल्ली.

मला हे शिकवतात ते शेजारचे एक आजोबा. मी त्यांना गुरुजी म्हणतो, त्यांना वाटतं ते माझं आडनावासारखं काही आहे. पहिल्या भेटीत विचारलं, भारतात कुठले? जालना म्हणालो की इथं चेहरे कोरे होतात, म्हणून मी पुण्या-मुंबईचा आधार घेतो. त्या दिवशी का कोण जाणे, म्हणालो, "आसईजवळचा." म्हातारा ताडकन उभा राहिला. "असाये? कैतना नदी?" आई, आपली केळणा! या माणसाला केळणा माहीत होती. औरंगाबादच्या माझ्या वर्गमित्रांना माहीत नव्हती.

झालं असं, की ते वेलिंग्टनचे भक्त. 23 सप्टेंबर 1803 ला हाच वेलिंग्टन, तेव्हा नुसता वेलस्ली, शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेसमोर येऊन उभा राहिला, ते आपल्या केळणेच्या अलीकडं. पलीकडं जायचं कुठून? वाटाड्यांनी सांगितलं, उतार नाही. त्यानं बघितलं, दोन काठांवर समोरासमोर दोन गावं आहेत. म्हणजे मधून येण्याजाण्याची वाट असणारच. होती. तिथून तो उतरला आणि केळणा नि जुईच्या मधल्या बेचक्यात लढाई झाली. पुढं नेपोलियनला हरवूनही म्हातारपणी तो म्हणे आसईच आपली सगळ्यात मोठी कामगिरी सांगायचा. गुरुजी हे सांगताना डोळे मिटून घेतात, जणू केवढा साक्षात्कार. नाना, मी तुमच्या वतीनं सांगितलं, की शेळ्या राखणाऱ्या पोराला विचारलं असतं तरी त्यानं उतार दाखवला असता. आणि सप्टेंबरात आला म्हणून उतार शोधावा लागला. मे महिन्यात आला असता तर चपला घालून पलीकडं गेला असता.

गंमत पुढंच आहे. इथं पाण्यात उतरायला जे रबरी गमबूट घालतात त्यांना वेलिंग्टन म्हणतात. त्याच माणसाच्या नावावरून. म्हणजे ज्यानं आपली केळणा ओलांडली, त्याच्या नावाचे बूट घालून मी दर शनिवारी त्यांचा ओढा ओलांडतो. डाव्या बुटाला भोक आहे. हिशेब पुरा व्हायला वेळ लागेल.

आता खर्चाचं. आई, हा परिच्छेद नानांना वाचून दाखवू नकोस. गळ टाकायला इथं सरकारी परवाना लागतो, वर्षाला 35 पौंडांच्या पुढं. तेवढ्यानं भागत नाही. काठावर मासे धरायचा हक्क वेगळ्याच कुणाचा असतो, त्याची परवानगी वेगळी. जमीन एकाची, गवत दुसऱ्याचं आणि मासे तिसऱ्याचे. दादा, आपल्या बांधाच्या भानगडीत 7/12 वर तीन नावं आहेत म्हणून तू वैतागतोस. इथं ये.

त्यातून माशांमध्येही पंगती आहेत. सामन आणि ट्राउट ही मानाची मंडळी. बाकी गोड्या पाण्यातले सगळे 'कोर्स फिश', म्हणजे जाडेभरडे. त्यात चब नावाचा एक मासा आहे. पाव, चीज, गोगलगाय, झाडावरून पडलेलं फळ, माझी सगळ्यात वाईट बांधलेली माशी, काहीही चालतं त्याला. आपल्याकडं लग्नात पहिल्या पंगतीला बसून तिसऱ्या पंगतीला पुन्हा दिसणारे एक पाहुणे आहेत ना, तसा. लोक त्याला नाकं मुरडतात. मला मात्र पहिला मासा त्यानंच दिला, म्हणून मी त्याच्याविरुद्ध एक शब्द ऐकून घेत नाही.

आणि एक ग्रेलिंग. पाठीवर भला मोठा पर, पदर उडाल्यासारखा. कूळ ट्राउटचंच, पण सरकारी नियमात त्याला जाड्याभरड्यांत बसवलाय. आधार कार्डावर एक, रेशन कार्डावर दुसरं, तसं. त्यामुळं नदीतला ट्राउट इथं 25 मार्चपासून धरता येतो, पण ग्रेलिंगला 15 मार्च ते 15 जून हात लावायचा नाही. दोघं एकाच डोहात शेजारी शेजारी उभे असतात. माशी कुणी घ्यायची ते त्यांनी आपसात ठरवायचं. चुकून ग्रेलिंग आला तर माफी मागून सोडायचा. ताज्या ग्रेलिंगला ओव्यासारखा वास येतो असं जुने लोक सांगतात. मी हुंगून बघितला. ओल्या माशाचा येतो.

तर आई, तुझा प्रश्न. परवा तू विचारलंस, "सोडूनच द्यायचा तर त्याला छळतोस कशाला?" गळ्यात माळ घातलेल्या बाईला याचं उत्तर द्यायला मी दोन दिवस बसलो. आकड्याला काटा नसतो, हात ओले करून धरतो, पाण्याबाहेर फार वेळ काढत नाही, हे सगळं लिहून खोडलं. कारण तुझा प्रश्न तसाच राहतो. तुमची सूनही हेच विचारते, आणि हुबेहूब तुझ्याच सुरात. वर म्हणते, "एवढा खर्च करून संध्याकाळी पिठलंच."

खरं सांगू? बऱ्याचदा मी काठी काखेत धरून नुसता उभाच असतो. जूनच्या सुरुवातीला पाणी वाहताना बघायची सवय नाही ना आपल्याला. 2013 चा उन्हाळा आठवतो? टँकरच्या मागं हंडे घेऊन पळताना दादाचा अंगठा फुटला होता. इथं 2025 च्या उन्हाळ्यात बागेला नळीनं पाणी घालायला बंदी आली, तर गुरुजी घरात कुणी गेल्यासारखा चेहरा करून सांगायला आले. मी टँकरचं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, आणखी एक कप चहा ओतला.

गुरुजींच्या खिशात थर्मामीटर असतो. माशासाठी. पाणी वीस अंशाच्या आसपास गेलं की त्या दिवशी ट्राउटला त्रास द्यायचा नाही, दमून मरतो म्हणतात. एवढं नाजूक प्रकरण. मी त्यांना आपल्या मरळीबद्दल सांगितलं. पाणी तापलं, आटलं, नुसता राडा राहिला, तरी ती तोंड वर काढून हवा घेते आणि तग धरते. आणि पिलांच्या लालसर घोळक्याखाली पहारा देत फिरते, जवळ गेलेल्या बोटावर धावून येते. गुरुजींनी वहीत नाव लिहून घेतलं. मला उगाचच अभिमान वाटला, जणू आमच्या घरातलंच कुणी.

मरळीवरून आठवलं. नाना, तुमचं लग्नातलं उपरणं पंढरपूरच्या वारीत हरवलं नव्हतं. दादानं आणि मी ते केळणेच्या डबक्यात झिंगे गाळायला वापरलं. धुऊनही वास जाईना, म्हणून कडब्याच्या गंजीत खुपसलं. पुढचं गंजीबरोबर गेलं. गुन्हा जुना झाला आहे, मुख्य आरोपी दादा आहे.

गेल्या पंधरवड्यात इथं मे-फ्लाय उडाल्या. वर्ष-दोन वर्षं तळाच्या गाळात काढायची, मग पंख फुटतात, आणि एक-दोन दिवसांत खेळ खलास. पंख फुटल्यावर खाता येत नाही, तोंड कामाचंच राहत नाही. संध्याकाळी हजारोंनी खाली-वर नाचतात. एवढी मोठी वरात आणि जेवण नाही. ट्राउट मात्र त्या दिवसांत सगळा संशय सोडून ढेकर येईपर्यंत खातो. त्या शनिवारी मला तीन मिळाले. दादाला पाच सांग.

पुढच्या वर्षी ऑगस्टअखेरीस येतोय. घडीची काठी आणणार आहे. आपल्याकडचे मासे माशी घेतात, हे मद्रासकडच्या एका इंग्रज अधिकाऱ्यानं 1873 सालीच पुस्तकात लिहून ठेवलंय. केळणेला पाणी असलं तर आसईच्या उतारावर उभा राहीन. गुरुजींना फोटो हवाय. गावात कुणी विचारलंच, तर पाणी मोजायला आलाय म्हणून सांगा, लोकांचा विश्वास बसेल.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
धाकटा

ता. क. फक्त आईसाठी. इंग्लंडात एका नदीच्या राखणदारानं, फ्रँक सॉयर त्याचं नाव, मोजे रफू करायच्या लोकरीचा एक किडा बनवला होता. ग्रेलिंग त्याच्यावर तुटून पडतात. लोकर ठरावीक, 477 नंबरची, फिकट बदामी-राखाडी. ती कारखान्यानं बंद केली आणि मासेमार आता जुन्या रिळासाठी वाटेल ती किंमत मोजतात. फेब्रुवारीत माझ्या लक्षात आलं, की तू नातीला विणून पाठवलेला स्वेटर डिट्टो त्याच रंगाचा आहे. मी कोपरापाशी एकच धागा ओढला होता. ग्रेलिंग दोन मिळाले. बाही आता कोपरापर्यंतच आहे. तुझ्या सुनेला वाटतंय, धुण्याच्या मशीननं खाल्ली. त्याच रंगाचे दोन गुंडे मिळतात का बघ, आणि एक जास्तीचा घे.