अधिकार मिळणेबाबत

बत्तीस वर्षं बँकेत मी लोकांचे चेक परत पाठवले. लाल शाईत 'सही जुळत नाही' एवढं लिहिलं की समोरच्याचा चेहरा उतरायचा आणि आपण दोन इंच वाढल्यासारखं वाटायचं. निवृत्तीबरोबर ते सुख गेलं. मग मराठी विकिपीडिया सापडला.

तिथे कुणीही लेख दुरुस्त करू शकतं हे कळल्यावर पहिल्यांदा आमच्या गावाचा लेख उघडला. नदी, ग्रामदैवत, आठवडी बाजार आणि मग एकदम 'कार्यसम्राट, युवकांचे आशास्थान' असा अख्खा परिच्छेद. मी काढला. संध्याकाळी आशास्थान परत हजर. पंधरा दिवस हेच. बरं, गृहस्थ भर घालायचे ती तुकड्यातुकड्याने: आधी नाव, मग पद, मग वाढदिवस. मी एकेक तुकडा उलटवत बसायचो. तेव्हा कळलं, 'द्रुतमाघार' नावाचा एक अधिकार असतो. शेवटच्या माणसाने ओळीने केलेले सगळे बदल एका टिचकीत साफ!

अधिकार म्हटला की अर्ज आला, आणि अर्जात मी कुणाला हार जाणारा नाही. 'विषय: द्रुतमाघार अधिकार मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की...' पॅनकार्डाची छायाप्रत कुठे जोडायची ते मात्र सापडेना. बाकी सगळं घरचंच वाटलं. चर्चेची जागा म्हणजे चावडी, मत द्यायचं तर कौल, आणि आपोआप कामं उरकणाऱ्या प्रोग्रामला नाव सांगकाम्या. तलाठीही असेल म्हणून शोधला. नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: 'कृपया अर्जाखाली सही करावी.'

मी. सही विसरलो. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

तिथली सही म्हणजे ओळीने चार नागमोडी रेघा. त्या टाकून पान जतन केलं की आपलं नाव आणि वेळ आपोआप उमटते. ती रेघ माझ्या मोबाईलच्या कीबोर्डावर कुठे दडलीय हे सांगायला नातू शाळेतून यावा लागला. तोवर अर्ज बेवारस.

मग कुणीतरी माझं योगदान तपासलं. चारशेवर संपादनं, त्यांतली निम्मी 'आणी'चं 'आणि' केल्याची. सभ्यपणे विचारणा झाली, अधिकार कशासाठी हवा? खरं उत्तर 'लाल शाईसाठी' असं होतं. मी लिहिलं, 'ज्ञानकोशाच्या सेवेसाठी.' विकिपीडियाचे जिमी वेल्स यांनी २००३ सालीच सांगून ठेवलंय की प्रचालकपद, म्हणजे असे अधिकार एकगठ्ठा हाती देणारं पद, ही काही फार मोठी गोष्ट नव्हे. इंग्रजीवाले तर त्या पदाला गमतीने फरशी पुसायचा मॉप म्हणतात. म्हणोत. मराठी विकिपीडिया त्याच वर्षी १ मे रोजी सुरू झाला. महाराष्ट्र दिनी जन्मलेल्या ठिकाणी पद ही छोटी गोष्ट कशी असेल?

अधिकार मिळाला. घरात जाहीर केलं. "माघार घ्यायचा अधिकार?" बायको भाजी निवडत म्हणाली, "तो तुम्हाला इथे केव्हाच दिलाय."

पहिल्याच रात्री अंथरुणात पडून 'अलीकडील बदल' चाळताना डोळा लागला, आणि अंगठाही. कुणा नवख्याने एका किल्ल्याच्या लेखात ओळीने अकरा बदल केले होते: दरवाजे, पाण्याची टाकी, बुरूज, प्रत्येकाला संदर्भ. सगळं गेलं. एका टिचकीत. धडपडत उठून माझीच माघार मागे घेतली आणि त्याच्या चर्चापानावर लांबलचक माफी लिहिली. सकाळी उत्तर: 'हरकत नाही काका. फक्त सही राहिली आहे.' (काका हे माफीतल्या 'उपरोक्त'वरून कळलं असणार.)

हल्ली मोबाईल उशापासून लांब ठेवतो. पण तुमच्यापैकी कुणी जागं असेल तर आमच्या गावाच्या लेखावर जरा नजर ठेवा. आशास्थान पुन्हा आलेत, आणि या खेपेला फोटोसकट.