मावळा तीन इंची, जंजिरा दोन गुंठे

दिवाळी आली की अलिबाग-मुरूडच्या अंगणांत डोंगर उगवतात. भोवती कुलाबा, खांदेरी, उंदेरी, पद्मदुर्ग, जंजिरा असे एकाहून एक जलदुर्ग पाण्यात उभे, आणि पोरं विटांवर ओलं पोतं टाकून रायगड करतात. दर्यावरच्या माणसाला हे शोभत नाही. सबब जलदुर्गच करावा, आणि करायचाच तर जंजिरा.

आधी प्रमाण ठरवावं. बाजारात मावळा साधारण तीन इंची मिळतो. साडेपाच फुटी माणूस तीन इंचांत बसवला म्हणजे प्रमाण झालं १:२२. या हिशोबाने जंजिऱ्याचा ४० फुटी तट २२ इंचांवर येतो, तेवढं जमेल. पण २२ एकरांचा किल्ला जवळजवळ दोन गुंठे मागतो. आजच्या भावात अलिबागेत दोन गुंठे मोकळे असलेला माणूस किल्ला करत बसत नाही, फार्महाउस बांधतो. तेव्हा प्रमाणाचा नाद सोडावा. मावळ्याचं डोकं बुरुजाच्या वर गेलं तरी चालेल; टेहळणी सोपी होते.

समुद्रासाठी मोठी परात घ्यावी, घरात विचारूनच. पाण्यात नीळ टाकू नये. आपल्याकडचा समुद्र इतका निळा फक्त पर्यटनाच्या जाहिरातीत असतो. चिमूटभर माती ढवळली की हुबेहूब. तटाला शेतातली चिकणमाती वापरावी, खाडीचा गाळ नको. तिसऱ्या दिवशी वास सुटतो आणि फराळाला आलेली माणसं चिवड्याकडे संशयाने बघतात. आज उभे असलेले १९ बुरूज मोजून करावेत, कारण मोजणारा एक काका प्रत्येक आळीत असतो. किल्ल्यात गोड्या पाण्याची तळी हवीतच, त्यांना पाण्याच्या बाटलीची झाकणं पुरतात. कलालबांगडी तोफेला जुन्या स्केचपेनचं बूड. महाद्वारावरचा, पंजांत हत्ती धरलेला शरभ मात्र कोरू नये. या मापात हत्तींचे उंदीर होतात आणि शरभाची मांजर.

आता सैन्य. इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप कंपनीचा ‘वॉरहॅमर’ हा खेळ १९८३ पासून चालू आहे. त्यातले राक्षस आणि सरदार सुट्या तुकड्यांत, बिनरंगी विकतात. कापायचे, चिकटवायचे, रंगवायचे आपण, आणि पैसेही आपणच द्यायचे. आपल्याकडे मावळा अखंड मिळतो, घरी येईपर्यंत त्याचे तुकडे होतात. तुटलेल्या भाल्याच्या जागी नारळाच्या झावळीचा हीर बसवावा. तलवार हरवली असेल तर त्या मावळ्याला दूत करावा.

दुकानातल्या मावळ्यांचा रंग एकजात भडक असतो, तोंडावर गुलाबी आणि पागोट्यावर सोनेरी. तो पांढऱ्या अस्तराखाली गाडून टाकावा. अस्तर नीट वाळू द्यावं. ऑक्टोबरात परतीचा पाऊस शिल्लक असतो, त्यामुळे ‘नीट’ म्हणजे किती हे पावसाला विचारावं. मग पातळ रंगाचे दोन हात. एकच जाड हात दिला तर नाक आणि मिशी एकमेकांत मिसळतात. डोळे अगदी शेवटी. पेण, हमरापूर, जोह्याच्या कारखान्यांत गणपतीच्या डोळ्यांची आखणी मुरलेल्या हाताकडेच देतात, ती उगीच नाही. आधी वरच्या पापणीची बारीक रेघ ओढावी, मग बुबुळ तिला किंचित चिकटवावं. बुबुळ पांढऱ्याच्या मधोमध सुटं ठेवलं की मावळा शत्रूला पाहून दचकल्यासारखा दिसतो, आणि अख्खी फौज अशी दचकलेली असेल तर पाहुणे हसतात.

खरी अडचण पुढे आहे. जंजिऱ्यात मावळे ठेवायचे कुठे? किल्ला सिद्दीचा, १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत त्याच्याच घराण्याकडे. बाजारात महाराज मिळतात, वासुदेव मिळतो, डोक्यावर टोपली घेतलेली भाजीवाली मिळते. सिद्दी मिळत नाही. तीन-चार मावळ्यांचे अंगरखे हिरवे रंगवून त्यांना तटावर चढवावं. मावळ्यांचा यावर आक्षेप नसतो, शेजारच्या काकांचा असतो. महाराजांना जंजिऱ्यात बसवण्याचा आग्रह होईल, तो नम्रपणे नाकारावा. त्यासाठी दुसऱ्या ताटलीत कासा खडकावरचा पद्मदुर्ग करून त्यांचं सिंहासन तिथे मांडावं. सिंहासन पद्मदुर्गावर नव्हतं, हे काका सांगतीलच.

हौस असेल त्याने १६८२ चा सेतूही दाखवावा. संभाजी महाराजांनी राजपुरीकडून दगड टाकून खाडी भरायला घेतली होती. मोगली फौज कोकणात उतरल्याने ते काम अर्धवट राहिलं. आपणही खडे अर्ध्यापर्यंतच टाकावेत आणि पहारा ठेवावा. घरातलं शेंडेफळ दुपारी कोणी नसताना उरलेले खडे टाकून जंजिरा जिंकतं, वर हिरव्या अंगरख्यांना परातीत बुडवतं. रंग पोस्टरचा असेल तर बुडालेले सिद्दी पाण्यातून पांढरे निघतात.

शेवटी पाटी. ‘जंजिरा’ हे मोठ्या अक्षरांत लिहून समुद्राच्या काठावर रोवावं. तरीही येणारी प्रत्येक मावशी परातीकडे बघून विचारते, “प्रतापगड ना रे?” हो म्हणावं आणि चकलीची बशी पुढे करावी.