प्रसाद थोडासाच द्या

नितीन गडकरींनी 2011 साली मुंबईत वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, ही गोष्ट नागपूरपासून दुर्गपर्यंतच्या प्रत्येक जाड मराठी माणसाला त्याच्या बायकोने निदान एकदा तरी ऐकवलेली असते. आमच्याकडे ती दर रविवारी ऐकवली जायची, मी पुन्हा भात मागितला की लगेच. "त्यांच्यामागे अख्ख्या पक्षाचं अध्यक्षपद, तरी त्यांनी वेळ काढला. तुमच्यामागे काय आहे?" माझ्या मागे खुर्ची असायची, आणि तीही कुरकुरायची.

पुढे रस्तेमंत्री असताना, 2022 साली, गडकरींनी उज्जैनचे खासदार अनिल फिरोजिया यांना जाहीरपणे सांगितलं, की वजन उतरवा, किलोमागे हजार कोटींची विकासकामं देतो. फिरोजियांनी व्यायाम, योगासनं आणि पथ्य करून जूनपर्यंत पंधरा किलो उतरवलेसुद्धा. मी तेव्हा सव्वाशे किलोंचा होतो. त्या भावाने पाहिलं तर कुम्हारी गावाचा चाळीस-पन्नास हजार कोटींचा विकास माझ्या एकट्याच्या अंगावर पडून होता. पण रायपूर आणि भिलाई यांच्यामधल्या गावाला कोण विचारतो? खारून नदी ओलांडली की दुर्ग जिल्हा लागतो, कुम्हारी येते, आणि गाडीतल्या माणसाने बाहेर बघेपर्यंत ती गेलेलीही असते.

शेवटी घोरण्याने निकाल लावला. आमचं घर रुळांपासून फार लांब नाही. हावडा-मुंबई मार्गावर रात्रभर मालगाड्या धडधडत असतात, आणि त्यांच्यामुळे झोपमोड होते अशी तक्रार आमच्या घरात कधी कोणी केली नाही, कारण त्या ऐकूच येत नसत. घोरताना माझा श्वास मधेच थांबतो हे बायकोच्या लक्षात आलं. तपासणीत स्लीप ॲप्निया निघाला, सोबत ताब्यात न राहणारा मधुमेह. रायपूरच्या सर्जननी कागदावर चित्र काढून दाखवलं आणि मी हो म्हणालो.

आता विम्याची गंमत ऐका. विमा नियामकाच्या 2019च्या नियमांप्रमाणे या शस्त्रक्रियेचा खर्च मिळायला बीएमआय 40 तरी लागतो. 35च्या पुढे असाल तर सोबत गंभीर व्याधी लागते, शिवाय वजन उतरवण्याचे साधे उपाय फसलेले असावे लागतात. म्हणजे फसल्याचा पुरावा! उभ्या आयुष्यात मला इतकी सोपी कागदपत्रं कोणी मागितली नव्हती. डाएटच्या वह्या, जिमची पावती (वार्षिक फी भरलेली, हजेरी जानेवारीपुरती), दुधीचा रस काढायचं यंत्र, सगळं हजर होतं. साक्षीदार म्हणून बायको तर पहिल्या रांगेत बसायला तयार.

माझी शस्त्रक्रिया होती गॅस्ट्रिक बायपास. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी ती 1966 साली सुरू केली. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेले रोगी नंतर अंग धरत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. त्या सुमारास माझे वडील भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीला लागले होते आणि कँटीनचं जेवण सात मिनिटांत उरकायची कला शिकत होते. ती त्यांनी पुढे वारसा म्हणून मला दिली. या शस्त्रक्रियेत जठराच्या वरच्या टोकाला 30 मिलीलिटरची एक लहानशी पिशवी करतात आणि लहान आतडं वर ओढून तिला जोडतात. उरलेलं मोठं जठर कुठेही जात नाही. ते आतच राहतं, पाचक रस तयार करतं, फक्त अन्न त्याच्याकडे फिरकत नाही. भिलाईत सेवानिवृत्त होऊनही क्वार्टर न सोडलेले लोक असतात, त्यांतलाच हा प्रकार.

पण हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना समजावणार कसं? समोरच्या काकी भेटायला आल्या. बराच वेळ माझ्या पोटाकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "पेट ला काट दिस, त भात कहाँ जाही गा?" त्या प्रश्नातली काळजी माझी होती की भाताची, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पहिले दोन आठवडे नुसते पातळ पदार्थ. मुगाचं कढण, वरणाचं पाणी, पातळ ताक, सगळं औषधाच्या टोपणाने मोजून आणि घोट-घोट. मग मऊ वाटलेलं, मग कुस्करलेलं. जेवताना पाणी प्यायचं नाही, जेवणानंतरही अर्धा तास नाही. प्रत्येक घास तोंडात पार लगदा होईपर्यंत चावायचा. आहारतज्ज्ञ बाई शांतपणे म्हणाल्या, "धीरे-धीरे, चबा-चबा के." वडिलांच्या सात मिनिटांच्या हिशेबात वाढलेल्या माणसाला दोन चमचे खिमटीला अर्धा तास लावायचा, तर त्या वेळात करायचं काय? मी छत बघायचो. आमच्या छताला तीन तडे आहेत, त्यांतला एक स्वयंपाकघराकडे वाढतो आहे.

शस्त्रक्रियेनंतरचा पहिला 1 मे उजाडला. आम्हा इकडच्या मराठी लोकांचा तो दिवस दुहेरी असतो. एकीकडे महाराष्ट्र दिन. दुसरीकडे कामगार दिन, आणि 2022 साली इथल्या सरकारने त्या दिवशी सगळ्यांनी बोरे बासी खावी असं आवाहन केल्यापासून पाण्यात भिजवलेल्या शिळ्या भातालाही मोठा मान. काकींनी कांदा आणि हिरवी मिरची लावून वाडगा आणला. हे तर पथ्याचंच, असा त्यांचा आग्रह. भात मला अजून बंद होता, तो आत जाऊन फुगतो. मी वरचं आंबूस पाणी चमच्याने प्यायलो. काकी म्हणाल्या, एवढंच? रायपूरच्या तात्यापाऱ्यातून आलेली माझी मावशी त्याच वेळी श्रीखंडाचा डबा उघडत म्हणाली, "अरे, एक चमचा. चिऊचा घास म्हणून खा." मराठी आणि छत्तीसगढी संस्कृतींचा संगम मी अनेक भाषणांत ऐकला होता. माझ्या पानात तो तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

दीडेक महिना झाला आणि गुंतागुंत सुरू झाली. आधी पोळी अडकायला लागली, मग मऊ खिचडी, मग वरणसुद्धा. दोन घासांत छातीच्या मध्यभागी दाटून यायचं, तोंडाला फेसाळ लाळ सुटायची, आणि खाल्लेलं होतं तसं परत. आईचं निदान झटकन झालं: नजर लागली. मीठ-मोहरी ओवाळून झाली. ज्या देहाकडे बघून लोक आजवर रिक्षाचं भाडं वाढवून सांगत, त्याला दृष्ट लागावी याचं मला मनातून बरंच वाटलं. पण एके दिवशी पाणीही उतरेना, तेव्हा मांडीवर प्लास्टिकची पिशवी धरून रायपूर गाठलं. वाटेत टोलनाक्याच्या रांगेत पिशवीचा उपयोग झाला. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवणं थांबवलं, एवढी माणुसकी आमच्या हायवेवर अजून शिल्लक आहे.

पिशवी आणि आतडं यांच्या जोडावर व्रण भरून येताना वाट आवळली गेली होती. डॉक्टरांनी सांगितलं, की हे काही जणांना होतं आणि त्यावर उपाय आहे. तोंडातून दुर्बिणीची नळी घालायची, चिंचोळ्या जागी एक छोटा फुगा न्यायचा आणि हळूहळू फुगवायचा. पोटाचा फुगा उतरावा म्हणून लाखो रुपये मोजून आलेल्या माणसाच्या आत डॉक्टर नवा फुगा फुगवत होते. पुन्हा एकदा फुगवावा लागला, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. त्या संध्याकाळी बायकोने दिलेलं अर्धी वाटी वरण सरळ खाली उतरलं, आणि आम्ही दोघं त्याकडे कान लावून बसलो होतो.

दुसऱ्या गुंतागुंतीचं नाव डम्पिंग. त्याला कारण सत्यनारायण. ओळखीच्या एका कुटुंबाने भिलाईत नवं घर घेतलं, पूजा ठेवली, प्रसादाचा शिरा केला. रवा सव्वा, तूप सव्वा, साखर सव्वा. डॉक्टरांनी साखरेला सक्त मनाई केली होती. पण कथा नुकतीच ऐकून झालेली. कलावती प्रसाद न घेता नवऱ्याला भेटायला धावली आणि नाव बुडाली, हे गुरुजींनी माझ्याकडे बघून सांगितलं असं मला वाटलं. प्रसाद नाकारला तर नाव बुडते. मी खाल्ला आणि मी बुडालो. साखर जठरात न थांबता सरळ आतड्यात उतरते, आतडं तिच्यामागे पाणी ओढून घेतं, आणि पंधरा-वीस मिनिटांत दरदरून घाम, छातीत धडधड, पोटात मुरडा. आरती चालू असताना मी सतरंजीवर आडवा. बायका म्हणाल्या, अंगात आलं. दोनेक तासांनी दुसरा अंक झाला: रक्तातली साखर उतरली आणि हात थरथरू लागले. मी घरी जायला निघालो तेव्हा यजमानीणबाई म्हणाल्या, "भावजी, घरच्यांसाठी शिरा बांधून देऊ?"

बाकीचं भराभर सांगतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळायला लागतात, मोरीच्या जाळीत सापडतात. प्रथिनं रोज साठ ग्रॅमच्या वर गेली आणि वेळ गेला की बहुतेक परत येतात. माझे आले, पण पूर्वी होते त्याच ठिकाणी आणि तेवढेच, त्यामुळे कोणाला कळलं नाही. कॅल्शियम आणि लोह एकदम घेऊन चालत नाही, मधे दोन तास जायला हवेत. लोहाच्या आसपास चहा नको. बी-12 जन्मभर. माझ्या मोबाइलवर दिवसभर इतके गजर होतात की आमच्याकडची कामवाली ते ऐकून स्वतःची बीपीची गोळी घेते.

आता लोकांच्या निकालाविषयी. "काय, शॉर्टकट मारला म्हणे!" हे वाक्य मला फाटकाजवळ, स्टेशनवर, रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात, सगळीकडे ऐकू आलं. बोलणाऱ्यांत बरेच जण हातात समोसा घेऊन बोलत होते. मी वाद घालत नाही. चाळीस किलो गेले, मधुमेहाच्या गोळ्या सध्या बंद आहेत, घोरणं थांबलं आहे. आता रात्री मालगाड्या ऐकू येतात आणि बायकोची झोप त्यांनी मोडते. त्याबद्दलही ती मलाच बोलते.

तुमच्यापैकी कोणी या शस्त्रक्रियेच्या विचारात असेल तर सर्जनला नुसतं "किती किलो?" विचारून उठू नका. जोड आवळला तर काय, डम्पिंग झालं तर काय, पित्ताचे खडे झाले तर काय, हे विचारा. वजन उतरलं की बरेच जण दवाखान्याकडे फिरकत नाहीत, तुम्ही दरवर्षी रक्त तपासायला जा. आणि तुमच्या घरी असा कोणी जेवायला आला तर त्याला वाटीभर वाढा, अर्धा तास बसू द्या, आणि "एवढंच?" असं विचारू नका. हो, एवढंच.